बुडवलेली होडी

वादळाची गोष्ट निघाली की वस्तीत प्रत्येकाची सुरुवात वेगळी असते. कुणी वाऱ्याच्या आवाजापासून सुरू करतं, कुणी उडालेल्या पत्र्यांपासून. रेडिओ म्हणून एक गृहस्थ आहे. त्याला रेडिओ का म्हणतात ते त्याच्याजवळ घटकाभर बसलं की कळतं. तो स्वतःच्या शौर्यापासून सुरू करतो. खाडीकाठच्या एका घरात मात्र ही गोष्ट वास मारणाऱ्या चहापासून निघते. सांगणारी असते वहिनी. आहे ती त्या घरची थोरली सून, पण लग्न होऊन आली तेव्हापासून सगळी वस्ती तिला वहिनीच म्हणते, सासऱ्याच्या वयाची माणसंसुद्धा. सांगता सांगता तिला हसू फुटतं, मग पदरानं डोळे पुसते, आणि म्हणते, "थांबा, नीट पहिल्यापासून सांगते."

पहिल्यापासून म्हणजे असं. घरात माणसं चार. मामंजी, म्हणजे वहिनीचे सासरे; सगळा जन्म पाण्यावर गेलेला, आता गुडघे बोलत होते म्हणून काठावर बसून जाळी विणायचे. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा. आणि धाकटा, तिचा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा या धाकट्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. वहिनीनं त्याला लहानाचा मोठा केला, मार दिला, माया दिली. आता तो छातीनं दाराएवढा झाला होता, तरी भूक लागली की तिच्याच नावानं ओरडायचा.

पाचवी होती होडी. तिला या घरात कुणी वस्तू म्हणत नसे. दरवर्षी मासेमारी बंद असली की तिला काठावर उलटी घालायची, खरवडायची, आणि माशाचं तेल नि राळ एकत्र उकळून तिच्या अंगाला चोळायचं. चोळायचं काम मामंजींचं. त्या तेलाचा वास मोठा चिवट. हाताला लागला की राखेनं घासा नाहीतर साबणानं, तो त्याला वाटेल तेव्हाच जायचा. नवी नवरी असताना वहिनीला त्या वासानं मळमळायचं. पुढे पुढे तो वास आला नाही तर घर ओकंबोकं वाटायला लागलं.

वादळ येणार ही बातमी जीपवरच्या भोंग्यानं आणली. भोंगा पोहोचायच्या आधी रेडिओनं आणलीच होती, पण त्याचं कोण ऐकतो! भोंगेवाल्यानं सांगितलं, सगळ्यांनी शाळेच्या पक्क्या खोल्यांत जायचं. वस्तीत धावपळ उडाली. जो तो आपली होडी ओढत शाळेच्या मैदानात नेऊन झाडांना बांधू लागला. थोरल्यानंही दोर काढला.

"वाऱ्याच्या तोंडी लाकूड देऊ नये," मामंजी म्हणाले. "होडी बुडवायची."

"बुडवायची?" थोरल्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

"तळाचं बूच काढायचं, आत दगड भरायचे नि वळणावरच्या डोहात खाली बसवायची. पाण्याखाली वारा नसतो. माझ्या बापानं अशीच बुडवली होती, नि अशीच वर काढली होती."

"बाबा, तेव्हाची वादळंही तेव्हाचीच होती. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणणारच. त्यांना दुसरं काम काय?"

थोरला चिडला, पण बापापुढे त्याचा आवाज घशातच राहायचा. वल्ही, शीड, डोलकाठी काढून शाळेत पोहोचवली. मग तिघे छातीभर पाण्यात उतरले, आणि वहिनी काठावरून दगड देत राहिली. दगड देऊन देऊन तिच्या बोटांची साल गेली. धाकट्यानं बुडी मारून बूच काढलं. होडी आधी एका अंगाला कलली, मग तिच्या काठावरून पाणी आत आलं, बुडबुडे आले, आणि ती खाली गेली. आपल्याच पोराचं डोकं आपणच पाण्याखाली धरावं तसं वहिनीला वाटलं.

काठावर रेडिओ उभा होताच. "काय हो, होडीला आंघोळ घालताय? साबण देऊ का?"

लोक हसले. थोरल्याचे कान लाल झाले. मामंजींनी मात्र तिकडे बघितलंही नाही. ते पाण्यात उभे राहून खुणा धरत होते. पाण्यावरची जागा लक्षात ठेवायची ती काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून, ही त्यांची जन्माची सवय.

"बघा रे नीट. वाकडा माड बर्फाच्या कारखान्याच्या धुराड्यावर आला पाहिजे. ही एक रेघ. नि इकडे पाण्याच्या टाकीखाली शाळेच्या कौलांचं टोक. ही दुसरी. दोन्ही जुळल्या की पायाखाली होडी."

"आणि माड पडला तर?" धाकट्यानं विचारलं.

"तो माड माझ्या आजोबांनी म्हातारा बघितलाय. पाडून दाखव म्हणावं वाऱ्याला."

वाऱ्यानं ते ऐकलं असावं.

वादळ दिवसाउजेडीच आलं. शाळेच्या जुन्या भागावर कौलं होती, नव्या खोल्यांवर पक्कं छत. सगळी वस्ती त्या नव्या खोल्यांत दाटीवाटीनं बसली होती. ओली अंगं, ओली गाठोडी, रडणारी पोरं, आणि बाहेर असा आवाज की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे. कौलं एकेक करून निघाली, मग एकदमच गेली. मैदानातून लाकडावर लाकूड आपटल्याचे आवाज येऊ लागले. झाडं उन्मळली, दोर तुटले, आणि ज्याच्या त्याच्या होड्या एकमेकींना डोकी आपटून फुटू लागल्या. ते आवाज ओळखून बाप्ये तोंड फिरवून बसले. मामंजी गुडघ्यांना मिठी मारून बसले होते. एवढ्या गोंगाटातही त्यांचा चेहरा शांत होता, आणि वहिनीला त्यांच्याकडे बघूनच धीर आला.

वारा पडला, पाणी ओसरलं, आणि लोक बाहेर आले. माणूस एकही दगावलं नव्हतं, गुरंही बरीच वाचली होती. पण जमीन ओळखू येत नव्हती. जिकडेतिकडे ओली वाळू. समुद्रानं खाडीचं तोंड फोडून भलतीकडेच नवं काढलं होतं. धुराडं आडवं झालं होतं. वाकड्या माडाचा बुंधासुद्धा सापडेना. शाळेची कौलं गेलीच होती. चार खुणांपैकी फक्त पाण्याची टाकी तेवढी उभी होती, काही झालंच नाही अशा ऐटीत.

आणि घर? घराच्या जागीही वाळू.

"आपलं घर इथं होतं," थोरला एका उंचवट्यावर उभा राहून म्हणाला. "शाळेपासून एवढंच अंतर. मला डोळे मिटून सांगता येतं."

मामंजींनी इकडे तिकडे बघितलं. "इथं नव्हतं. घर अजून वर होतं."

"बाबा, मी जन्मलो त्या घरात."

"मी बांधलं ते."

पण उंचवटा कोरडा होता, वाऱ्याला मोकळा होता, आणि मदतीची ताडपत्री मिळाली होती. वहिनी म्हणाली, "घर इथं असो नाहीतर तिथं, आधी डोक्यावर काहीतरी घाला." थोरल्यानं बांबू रोवायला घेतले. तीन नीट गेले. चौथा हातभर जाऊन ठक्कन थांबला. पुन्हा ठोकला, पुन्हा ठक्.

"दगड लागला," थोरला म्हणाला.

"या वाळूत दगड कुठून?" मामंजींनी काठी टेकत पुढे येऊन विचारलं. "बघू जरा."

थोरल्यानं बांबू उपटला. होडी बुडवली तेव्हापासून दाबलेला राग त्याच्या तोंडून निघाला. "बाबा, आता तुम्ही काही बघू नका नि काही सांगू नका. तुमच्या खुणा ऐकल्या म्हणून ही पाळी आलीय. माड पडणार नाही म्हणे!"

चार लोक ऐकत होते. मामंजी हळूच जाऊन बाजूला बसले. वहिनीला नवऱ्याचा असा संताप आला की हातातलं भांडं फेकून मारावं. पण नवऱ्याचे हात सोललेले होते, डोळे तांबारलेले होते. मारावं तरी कुठं? बांबू हातभर बाजूला रोवला. ताडपत्री चढली. आधीचा बांबू जिथं अडला होता त्याच जागेवर वहिनीनं चूल मांडली.

मग होडीचा शोध सुरू झाला. ओहोटी लागली की दोघे भाऊ लांब बांबू घेऊन खाडीच्या नव्या पात्रात उतरायचे आणि पावलापावलाला भोसकत जायचे. कंबरेला पाणी, पायांना चिखल, वर ऊन. पाठीची साल निघाली, तळव्यांना शिंपल्यांनी चिरा पडल्या. संध्याकाळी वहिनी चुलीवर पाणी तापवून त्यांचे पाय शेकायची. सापडलं बरंच काही. एक सायकल सापडली. कुणाचं तरी कपाट सापडलं, त्यात कपड्यांच्या घड्या जशाच्या तशा. रेडिओची लोखंडी खाट सापडली, आणि ती आपल्याच हुशारीनं सापडली असं तो वस्तीभर सांगत फिरला. होडी सापडेना.

"आमची निदान डोळ्यांना दिसते तरी," रेडिओ म्हणायचा. "फुटकी का होईना. तुमची म्हणजे झाकली मूठ!"

मामंजींनी बोलणं सोडलं. विचारलं तर हो-नाही म्हणायचे. जेवायला हाक मारली की यायचे, ताटातलं निम्मं ठेवायचे. जाळं मांडीवर घेऊन बसत, पण सुई चालत नसे. कुणी खाडीकडे निघालं की ते पाठ करून बसत. ज्या माणसाला विचारल्याशिवाय कधी वल्हं हललं नाही, त्याला आता कुणी काही विचारत नव्हतं, आणि हे त्यांना समजत होतं. ते वहिनीच्या जिवाला लागायचं.

त्यातच धाकट्यानं एक दिवस सांगून टाकलं, "वहिनी, सिमेंटच्या कारखान्याचा ट्रक बाजाराच्या दिवशी येतोय. माणसं नेणारेत. मी नाव दिलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू जाऊ दिलं असतं?"

"नसतंच दिलं."

"मग?"

थोरला खाली मान घालून म्हणाला, "तो जाऊ दे. होडी नसली तर पुढच्या खेपेला मलाही जावं लागेल." वहिनी चुलीत फुंकर घालत राहिली. धूर नसतानाही तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घर गेलं त्याचं तिला फार वाटलं नव्हतं. घर पुन्हा बांधता येतं. पण ही चार माणसं एका ताडपत्रीखाली होती म्हणून ते घर होतं. त्यातलं एक ट्रकनं उचललं की बाकीची पांगायला वेळ लागणार नव्हता, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

पाण्याचे हाल वेगळेच. विहिरी खाऱ्या झाल्या होत्या आणि टँकर आला तर आला. बायकांनी वाळूत खड्डे करायला सुरुवात केली. थोडं उकरलं की पावसाचं मुरलेलं गोडं पाणी पाझरून वर येई. वहिनीनंही चुलीमागे एक खड्डा खणला. लांब जायला नको, चुलीवरून हात मागे केला की पाणी! तिला आपल्या अकलेचं कौतुक वाटलं. वर बारीकसा तवंग होता, तो तिनं वाटीनं बाजूला सारला आणि चहा टाकला.

धाकट्यानं एक घोट घेतला आणि थू करून बाहेर टाकला. "वहिनी, चहा आहे का काय आहे हे?"

थोरल्यानं नाक मुरडलं. "वास मारतोय. मेलेलं काहीतरी असेल खाली."

वहिनीनं स्वतः चाखून बघितला. वास होता खरा. ओळखीचा वाटला, पण सगळ्या वस्तीलाच तेव्हा वास येत होता. कुजलेला पाला, मेलेले मासे, ओली गाठोडी. कुठला वास कुणाचा ते कोण निवडत बसतो! ती कप गोळा करायला उठली, तर मामंजींचा कप रिकामा.

"अजून आहे का?" त्यांनी विचारलं.

किती दिवसांनी त्यांनी आपणहून काही मागितलं होतं. तिनं उरलेला सगळा त्यांना ओतला. त्यांनी डोळे मिटले, कप नाकाशी धरला, आणि घोट घोट करून संपवला.

"चांगला झालाय," ते म्हणाले.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरल्यानं कपाळावर बोट टेकवून खूण केली. वहिनीनं त्याच्याकडे असं बघितलं की ते बोट आपोआप खाली आलं. पण तिच्याही मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तिनं रस्त्याकडेला दुसरा खड्डा खणून चांगलं पाणी आणलं. त्याचा चहा मामंजींनी निम्मा ठेवला.

"कालच्या पाण्याचा कर की," ते हळूच म्हणाले.

मग ती तसंच करायला लागली. बाकीच्यांना रस्त्याकडचं पाणी, मामंजींना चुलीमागचं. दोन भांड्यांत दोन चहा. वेड तर वेड, पण म्हातारा पितोय ना, असं तिनं स्वतःला समजावलं. तो चहा प्यायले की ते दोन घास जास्त जेवत.

बाजाराचा दिवस उजाडला. धाकट्यानं पिशवी भरली. पिशवीत भरायला तरी काय होतं! दोन कपडे आणि एक टॉवेल. वहिनीला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून ती शाळेच्या मैदानावर विस्तव आणायला निघून गेली. घरची काडेपेटी सादळली होती.

मैदानावर सुतार फुटक्या होड्यांचे तुकडे जुळवून त्यातून एक धड होडी करत होता. त्यानं विटांच्या चुलीवर डबा चढवला होता. वाऱ्याची झुळूक आली आणि डब्याची वाफ थेट वहिनीच्या नाकात गेली.

ती जागच्या जागी थांबली. पुन्हा श्वास घेतला.

"काय उकळतोयस रे?" तिनं विचारलं.

"काय म्हणजे? तेल नि राळ. तुझ्या घरात काय कमी उकळलंय?"

"अगं बाई," वहिनी म्हणाली. "चहा!"

सुताराला वाटलं ती चहा मागतेय. तो "देतो की" म्हणेपर्यंत ती विस्तव विसरून वाळूतून पळत सुटली होती. एवढी बाई, वस्तीची वहिनी, पदर खोचून पळतेय म्हटल्यावर रेडिओही कारण न विचारता मागून पळू लागला.

धाकटा पिशवी खांद्याला अडकवून मामंजींच्या पाया पडत होता. वहिनी कुणाशी न बोलता चुलीमागच्या खड्ड्यात उतरली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. पाणी उडालं, चूल भिजली.

"अगं, काय झालं काय?" थोरला ओरडला.

ती उकरतच राहिली. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा बोटांना काहीतरी लागलं. दगड नव्हता. गुळगुळीत होतं, आणि एका बाजूला वळत गेलेलं होतं. तिनं हात बाहेर काढून नाकाशी धरला. मग तोच हात जाऊन नवऱ्याच्या नाकाशी धरला.

थोरल्यानं हुंगलं आणि मान वळवून खाडीकडे बघितलं.

"पाण्यात शोधत होतो," तो म्हणाला. "आपण पाण्यात शोधत होतो."

पाण्यात बुडवलेली वस्तू पाण्यातच शोधणार, दुसरं काय करणार? होडी होती तिथंच होती. हलली होती ती खाडी. जुन्या डोहात वाळू भरून उंचवटा झाला होता, आणि थोरल्यानं डोळे मिटून आपलं घर म्हणून तोच दाखवला होता. घर समजून त्यानं डोहावर संसार मांडला होता आणि बांबूनं होडीच्याच काठावर ठोकून बघितलं होतं.

"घर अजून वर होतं," वहिनी म्हणाली. "मामंजी सांगत होते."

थोरल्यानं ताडपत्रीची दोरी सोडायला घेतली.

ताडपत्री उतरवली. चुलीचे दगड बाजूला झाले. फावडी दोनच होती. बाकीचे ताटांनी, पत्र्याच्या तुकड्यांनी, हातांनी उकरू लागले. काठ दिसला. मग बाक दिसला. आत भरलेले दगड जसेच्या तसे, वहिनीच्या हातांनी दिलेले. सुतार आला, त्याच्यामागून अर्धी वस्ती आली. ज्यांनी आंघोळीवरून हसून घेतलं होतं तेही गुडघे टेकून वाळू उपसत होते. रेडिओ सगळ्यांत वरच्या आवाजात हुकूम सोडत होता आणि हातानं काही करत नव्हता, पण त्या दिवशी त्याचाही कुणाला राग आला नाही.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला.

धाकटा कंबरेपर्यंत खड्ड्यात होता. वहिनीचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, बघायची हिंमतच झाली नाही. भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "ती पिशवी."

तिनं पिशवी उचलली. धाकट्यानं ती घेतली, आतला टॉवेल काढला, डोक्याला बांधला आणि रिकामी होत आलेली पिशवी बाहेर भिरकावून दिली.

"फावडं दे इकडे. दादा, तू बस जरा."

ट्रक आणखी एकदा ओरडला आणि गेला. वहिनी रडली. मघाशी दाबून ठेवलेलं सगळं रडली, आणि रडता रडता ताटानं वाळू उपसत राहिली.

होडीचा वरचा भाग मोकळा झाला तेव्हा एका फळीला बारीक चीर दिसली, बांबूच्या ठोक्याची. बाकी होडी धडधाकट. मैदानावर नेऊन बांधलेल्यांतली एकही अशी धड उरली नव्हती. लोक बाजूला झाले, कारण मामंजी काठी टेकत येत होते. धाकट्यानं त्यांना हात धरून खाली उतरवलं. त्यांनी काठावर तळहात ठेवला, वरपासून खालपर्यंत फिरवला, आणि मग वाकून नाक लावलं.

वहिनीच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. "मामंजी," तिनं विचारलं, "तुम्हाला चहातच कळलं होतं ना? पहिल्याच दिवशी?"

त्यांनी हळूच मान डोलावली.

"मग सांगितलं का नाही?"

मामंजींनी एकदा थोरल्याकडे बघितलं आणि नजर पुन्हा होडीवर आणली. "मला वाटलं, माझंच डोकं गेलं," ते म्हणाले. "होडीची आठवण येते म्हणून म्हाताऱ्याला चहातसुद्धा तिचा वास येतो. कुणाला सांगू? सांगितलं असतं तर हसला असतात सगळे. म्हटलं, वेड लागलंय तर लागू दे. वास तरी येतोय."

कुणी हसलं नाही. रेडिओसुद्धा गप्प झाला, आणि असं त्या वस्तीत फार वेळा घडलेलं नाही. थोरला बापाजवळ गेला. त्याला माफी वगैरे मागता येत नव्हती, त्या घरात कुणालाच येत नव्हती. त्यानं वाकून बापाच्या पायांवरची ओली वाळू झटकली. वाळू झटकून झाली तरी तो झटकतच होता.

"पुरे," मामंजी म्हणाले. "बूच शोध आधी. त्याच्याशिवाय ती काय तरंगणारेय?"

बूच धाकट्याच्या सदऱ्याला सुतळीनं बांधलेलं होतं. बुडवली त्या दिवसापासून त्यानं ते सोडलं नव्हतं. सिमेंटच्या कारखान्यात तो त्या बुचाचं काय करणार होता, ते वहिनी अजूनही त्याला विचारते, आणि तो अजूनही लाजतो.

पुढचं सगळं कष्टाचं होतं, पण सुखाचं होतं. चिरलेली फळी सुतारानं बदलली. ओंडक्यांवरून सरकवत सरकवत होडी नव्या खाडीपर्यंत नेली, सगळ्या वस्तीनं मिळून. वस्तीत धड अशी तेवढीच होती, म्हणून त्या वर्षी आळीपाळीनं सगळ्यांनीच तिच्यावरून मासे धरले. घर पुन्हा बांधलं ते मामंजींनी काठीनं दाखवलं तिथं, अजून वर. पाया खणताना जुन्या जोत्याची माती लागली. थोरला ती माती हातात घेऊन बराच वेळ बघत बसला होता.

आणि गेल्या वर्षी भोंगा पुन्हा आला. वादळ येणार, सगळ्यांनी शाळेत चला. या खेपेला एकाही माणसानं होडी मैदानाकडे ओढली नाही. सगळ्यांनी बुचं ढिली केली, दगड गोळा केले, आणि येऊन या घराच्या अंगणात उभे राहिले. मामंजींचे डोळे आता पार गेले आहेत. ते ओट्यावर बसून बायका उचलून देत होत्या ते दगड आवाजावरून मोजत होते. थोरला त्यांच्यापुढे उकिडवा बसला. त्याच्या आवाजात जराही चेष्टा नव्हती.

"बाबा, कुठं बुडवायची?"

मामंजींनी वारा हुंगला. मान एकदा खाडीकडे वळवली, एकदा घराकडे. सगळी वस्ती श्वास धरून उभी.

"वहिनीला विचारा," ते म्हणाले. "तिची चूल यंदा कुठाय?"